ऑपरेटरबाईंची परवानगी

४ ऑक्टोबर

प्रिय खारू,

तुला फोन करणार होते, पण फोनवर तू "हं, हं" म्हणत दुसरंच काहीतरी टाइप करत असतोस, हे मला आता पाठ झालं आहे. शिवाय जे विचारायचं आहे ते मलाच धड मांडता येत नाही. लिहिताना जमेल असं वाटतं. मावशीला यातलं काही सांगू नकोस. तुझी आई म्हणेल, पुस्तकं सांभाळायची सोडून हिला या उचापती कशाला.

मागे आला होतास तेव्हा ग्रंथालयातली अंध वाचकांची खोली तुला दाखवली होती. आठ कॉम्प्युटर, दोन स्कॅनर, आणि प्रत्येक यंत्रापुढे एक ब्रेल पट्टी, जिच्यावरचे ठिपके बोटांखाली वरखाली होतात. पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज मात्र यंत्रात नसतो, वाचकाच्या गळ्यातल्या पेनड्राइव्हवर असतो. ही आमच्या आधीच्या तंत्रज्ञाची पद्धत. कुणाला संथ आवाज लागतो, कुणाला इतका भरधाव की मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. यंत्र कुठलंही घ्या, आवाज आपापला.

रोज सकाळी मी आठही यंत्रांवर त्याच तंत्रज्ञाने लिहून ठेवलेली स्क्रिप्ट, म्हणजे यंत्राला द्यायच्या हुकुमांची छोटी फाइल, चालवते. ती रात्रभर झोपलेल्या ब्रेल पट्ट्यांना उठवते. नुसतं उघडून ती चालत नाही. माउसचं उजवं बटण दाबायचं, लांबलचक यादीतून 'अ‍ॅडमिन म्हणून चालवा' ही ओळ शोधायची, मग पडदा अंधारतो, मधोमध चौकट येते, या प्रोग्रॅमला बदल करू द्यायचे का, आणि मी 'हो' दाबते. आठ यंत्रं, आठ वेळा. गेली सहा वर्षं.

आता मुद्दा. आमच्याकडे एक ऑपरेटरबाई येतात. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या, वय एकसष्ट, जन्मापासून दिसत नाही. सगळ्यांच्या आधी येतात आणि मी येईपर्यंत दाराबाहेर ताटकळतात. त्यांनी समितीकडे अर्ज केला आहे की सकाळच्या पाळीची जबाबदारी मला द्या, किल्लीसकट. सचिव म्हणाले, हरकत काहीच नाही, पण सुरुवात डोळस माणसाशिवाय होत नाही ना. ती उजव्या बटणाची यादी म्हणजे खरंच संकट आहे. एक ओळ चुकली की 'पुसून टाका'. मागच्या आठवड्यात बाईंनी एका यंत्रावरची स्क्रिप्ट पुसलीसुद्धा, आणि वर मला म्हणाल्या, "सात उरल्यात, काळजी नको."

पंचवीस तारखेला प्रात्यक्षिक आहे. त्यांनी एकटीने यंत्रं सुरू केली तर पाळी त्यांची. नाही तर बाहेरून माणूस नेमणार, आणि मग त्या कायम वाचकच राहणार.

म्हणून विचारते. स्क्रिप्टला स्वतःहून परवानगी मागायला शिकवता येतं का?

ताई


९ ऑक्टोबर

ताई,

येतं. आणि मी फोनवर दुसरं काही टाइप करत नाही, तूच जे बोलतेस ते टिपून घेतो. (खोटं आहे. पण पुढे वाच.)

गंमत अशी की चालू झालेल्या स्क्रिप्टला मधूनच अधिकार देता येत नाहीत. ते जन्मताना मिळाले तर मिळाले. म्हणून युक्ती करायची. स्क्रिप्टने उघडल्याबरोबर आधी स्वतःला चाचपायचं, माझ्याकडे अ‍ॅडमिनचे अधिकार आहेत का? असतील तर कामाला लागायचं. नसतील तर स्वतःचीच दुसरी प्रत अधिकार मागून उघडायची आणि आपण निमूटपणे मिटायचं. तुला दिसेल की एक काळी खिडकी उघडून लगेच बंद झाली, पडदा अंधारला, चौकट आली. 'हो' म्हटलंस की दुसरी खिडकी. तुमच्या ऑपरेटरबाईंना फक्त फाइलवर एंटर दाबायचं. यादी नाही, उजवं बटण नाही.

तू पाठवलेली स्क्रिप्ट आहे तशीच ठेवली आहे. तिच्या डोक्यावर दहा ओळी चिकटवल्या, बस्स. चालत्या गोष्टीत मी बोटं घालत नाही. आणखी एक भर माझ्या पदरची. कुणी घाईत 'नाही' दाबलं तर स्क्रिप्ट हार मानत नाही, पुन्हा विचारते. परत 'नाही', परत विचारते. आमच्या ऑफिसात लोक चौकट दिसली की ती झटकायला 'नाही' दाबतात आणि मग मलाच हाका मारतात. या तीन ओळींवर मी खूश आहे.

आई तुझ्यावर रागावली आहे, तू तीन महिने आली नाहीस म्हणून. तुझ्या या उचापतींचं मी तिला सांगितलेलं नाही.

खारू


१४ ऑक्टोबर

प्रिय खारू,

चौकट आली, 'हो' म्हटलं, दुसरी खिडकी उघडली, आणि तिच्यात लिहून आलं की फाइल सापडत नाही. फाइल तर तिच्या शेजारीच होती. पट्ट्यांची यादी असलेली ती साधी फाइल, स्क्रिप्टच्याच फोल्डरमध्ये. मी तीनदा पाहिलं. अधिकार मिळाल्याबरोबर हिला शेजारचं दिसेनासं का होतं?

आणि दुसरं कुतूहल. ती चौकट येताना सगळा पडदा का अंधारतो? इतकी वर्षं मला वाटायचं, लक्ष वेधायला. आता शंका आली की काहीतरी कारण असेल. मी रोज पाहत आले त्या गोष्टीबद्दल मी कधीच विचारलं नाही, याची थोडी लाज वाटली. ते काल डायरीतही लिहिलं.

ऑपरेटरबाई रोज विचारतात, "तुमच्या भावाचं उत्तर आलं का?" मी म्हटलं, मावसभाऊ आहे. त्या म्हणाल्या, "उत्तर देतो ना? मग भाऊच."

ताई


१७ ऑक्टोबर

ताई,

चूक माझी, आणि अगदी शिकाऊ पोराची. अधिकार घेऊन उघडलेली प्रत तुझ्या फोल्डरमध्ये जागी होत नाही, सिस्टिमच्या फोल्डरमध्ये जागी होते. ती शेजारची फाइल शोधते, पण तिचा शेजारच बदललेला असतो. आता तिला पहिल्याच ओळीत सांगितलं आहे की बाई गं, आधी आपल्या घरी जा. सोबत नवी प्रत पाठवतो.

पडदा अंधारतो त्याला कारण आहे आणि तू विचारलंस याचा मला आनंद झाला, कारण इथे कुणी विचारत नाही. तो पडदा अंधारत नाही, बदलतो. सिस्टिम तुला क्षणभर एका वेगळ्या, बंद खोलीत नेते. मागे दिसतो तो तुझ्या पडद्याचा नुसता फोटो. त्या खोलीत दुसऱ्या प्रोग्रॅमना प्रवेश नाही. नाही तर एखादा लबाड प्रोग्रॅम तुझ्या वतीने परस्पर 'हो' दाबून मोकळा होईल. प्रश्न माणसाला विचारलाय, उत्तर माणसानेच द्यायचं, म्हणून ही तजवीज.

पंचवीसला काय झालं ते कळव. मी इथे सगळ्यांना सांगून ठेवलंय.

खारू


२५ ऑक्टोबर

प्रिय खारू,

प्रात्यक्षिक झालं. यंत्रं सुरू झाली. समितीचे तिघे दारात उभे होते, सचिव "वा" म्हणाले. नेमणुकीचं पत्र पुढच्या महिन्याच्या बैठकीनंतर मिळेल.

तुझे आभार. आज दमले आहे, सविस्तर नंतर लिहीन.

ताई


२ नोव्हेंबर

श्री. भाऊ यांना,

मी सकाळच्या वाचकांपैकी, ऑपरेटरबाई म्हणतात ती. तुमचा पत्ता ताईंनी पूर्वीच दिला होता, ब्रेल पट्टीबद्दल काही विचारायचं झालं तर म्हणून. आज विचारायचं आहे ते पट्टीबद्दल नाही.

पंचवीस तारखेला मी पहिल्या यंत्रावर तुमच्या फाइलवर एंटर दाबलं. आवाज बंद झाला. मी थांबले. मी बत्तीस वर्षं बोर्डावर बसले आहे, लाइन मेली आहे की पलीकडे कुणी रिसीव्हरवर हात ठेवला आहे, हे मला कळतं. ही लाइन मेली नव्हती. पलीकडे काहीतरी वाट पाहत होतं. काय, ते मला ऐकू येत नव्हतं. मी एंटर दाबलं. आवाज परत आला, अर्धा शब्द बोलला, पुन्हा बंद. परत एंटर, परत तेच. असं चार वेळा झालं. मग माझ्या उजव्या खांद्यावरून बाही सरकली, एक कळ वाजली आणि सगळं सुरळीत झालं. उरलेल्या सात यंत्रांवर तेच. ताई माझ्या मागे उभ्या होत्या, त्यामुळे दारातल्यांना काही दिसलं नसावं.

मी तिथे बोलले नाही. त्यांच्यावर उपकार म्हणून नाही. मला ती पाळी हवी होती. आठ दिवस मीही गप्प बसले आहे, हे आधी कबूल करते.

पण पहिल्या सकाळी मी एकटी असेन. तेव्हा ती बाही नसेल. तर मला सांगा, तो आवाज जातो कुठे? आणि मी चार वेळा एंटर दाबून कशाला काय उत्तर दिलं?

हे मी ताईंना विचारलेलं नाही. त्यांना बोलायला जड जात असावं, सध्या मला चहाच फार विचारतात.

आपली,
सकाळची वाचक


५ नोव्हेंबर

ताई,

ऑपरेटरबाईंचं पत्र आलं. सोबत जोडलं आहे. मी त्यांना कळवलं आहे की तुला दाखवतो आहे.

आधी माझा गाढवपणा. मीच तुला ऐटीत लिहिलं की त्या बंद खोलीत दुसऱ्या प्रोग्रॅमना प्रवेश नाही. पडदा वाचणारा आवाज हासुद्धा एक प्रोग्रॅमच, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. अंधांच्या खोलीसाठी स्क्रिप्ट लिहिली आणि डोळे उघडे ठेवून तपासली. यंत्रात रीतसर बसवलेल्या आवाजाला त्या खोलीत जायची मुभा असते. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्याला नसते. तुमचे सगळे आवाज गळ्यात लटकणारे.

दुसरं, बाईंनी चार वेळा काय उत्तर दिलं. 'नाही'. त्या चौकटीत एंटर दाबलं तर 'नाही' जातं, आधीपासून तसंच ठेवलेलं असतं. आणि माझ्या लाडक्या तीन ओळी त्यांना पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. त्या ओळी मी काढून टाकल्या आहेत. नाही म्हणजे नाही.

उपाय असा. आठही यंत्रांत आवाज कायमचा बसव. मग त्याचा वेग आणि भाषा त्या बंद खोलीसाठी वेगळी नेऊन ठेवावी लागते, तेही एक बटण आहे. ते विसरलीस तर तिथे तो परक्या भाषेत बोलेल. सगळं झालं की डोळे मिटून चालवून बघ. चिंधी बांध हवं तर.

आता तुझ्याबद्दल. मी रागावलेलो नाही. फक्त मला कळेना, तू मला का नाही सांगितलंस? मी इथे सगळ्यांना पेढे वाटल्यासारखा सांगत फिरलो.

खारू


९ नोव्हेंबर

प्रिय खारू,

पत्र दोनदा वाचलं. बाईंना बाही सरकल्याचं ऐकू आलं, आणि मी मात्र समजत होते की कुणालाच कळलं नाही.

का केलं, ते प्रामाणिकपणे लिहायचा प्रयत्न करते. पहिल्या यंत्रापाशी त्या गप्प झाल्या तेव्हा सचिवांनी घड्याळ पाहिलं. मला वाटलं, यांचं सगळं या एका कळीवर अडलं आहे आणि ती कळ माझ्या हाताच्या अंतरावर आहे. हात गेला. हे खरं आहे, पण एवढंच नाही. सात यंत्रं उरली होती. थांबून "काहीतरी बिघडलं आहे" म्हणायला मला सात संधी होत्या. मी सातही वेळा हात पुढे केला, आणि खारू, प्रत्येक वेळी तो जरा जास्तच सराईतपणे गेला. शेवटी शेवटी तर मला बरंही वाटत होतं. माझ्यावाचून चालत नाही, हे. ते मला त्याच संध्याकाळी डायरीत लिहिता आलं नाही, म्हणून तुलाही लिहिलं नाही.

त्यांनी एकटीने खोली उघडावी असं मला खरंच वाटत होतं का? वाटत होतं. आणि वाटत नव्हतंही. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हे चाळिशी ओलांडल्यावर कळणं म्हणजे उशीरच.

काल ऑपरेटरबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी राहू द्या. तुम्ही कळ दाबली, मी तोंड दाबलं. आता सचिवांना कोण सांगतंय? तुम्ही की मी?"

मी सांगितलं. दोघी गेलो, बोलले मी. सचिवांनी चष्मा काढून पुसायला घेतला, तेव्हा बाईंनीच विचारलं, "आहात ना?" मग ते म्हणाले, झालेलं प्रात्यक्षिक रद्द. बावीसला पुन्हा, आणि या वेळी ताई खोलीबाहेर. बाईंनी एक अट घातली, की मला माझ्या नावाचं, अ‍ॅडमिनचे अधिकार असलेलं वेगळं खातं हवं, ताईंच्या नावाने मी होकार देणार नाही. ती मान्य झाली. मला लेखी समज मिळाली. ती मिळायलाच हवी होती. फाइलला लावली आहे.

आवाज बसवायला घेतला आहे. तू सांगितलेलं बटण मी विसरलेच, आणि बंद खोलीतून तो परक्या भाषेत इतका तावातावाने बोलला की शेजारच्या टेबलावरचे वाचक म्हणाले, "कुणाचं भांडण चाललंय?" आता ठीक आहे. डोळ्यांवर रुमाल बांधून आठही यंत्रं केली. दोन ठिकाणी चुकले.

ताई


२३ नोव्हेंबर

प्रिय खारू,

काल काय झालं ते सगळं सांगते. मी खोलीबाहेर होते, पण दार उघडं होतं. सचिव आणि समितीतले एक सभासद आत.

ऑपरेटरबाईंनी स्वतःच्या खात्यातून पहिलं यंत्र उघडलं. फाइलवर एंटर. आणि या वेळी आवाज बंद झाला नाही. संथपणे म्हणाला, कमांड प्रोसेसर या प्रोग्रॅमला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का? हो. नाही. मी तो प्रश्न हजारो वेळा पाहिला आहे, पण मोठ्याने कधी ऐकलाच नव्हता.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एंटर दाबलं. म्हणजे 'नाही'.

"चुकून दाबलंत का?" सचिवांनी विचारलं.

"चुकून कशाला? स्पष्ट ऐकू आलं. पण हे कमांड प्रोसेसर कोण?"

सचिवांना माहीत नव्हतं. त्यांनी दाराकडे पाहिलं. मी म्हटलं, स्क्रिप्ट ज्याच्या हातून चालते तो यंत्रातला प्रोग्रॅम, स्क्रिप्टचं नाव ते सांगत नाही.

"म्हणजे फोन आलाय आणि तो म्हणतोय, मी एक्स्चेंजमधून बोलतोय. बरं बाबा, पण पलीकडे कोण आहे? काय बदल करणार आहे?"

"पट्ट्या सुरू करते," मी म्हटलं.

"आणखी?"

"आणखी काही नाही."

"तुम्ही वाचलीय?"

खारू, मी वाचली नव्हती. सहा वर्षं रोज आठ वेळा 'हो', आणि मी ती फाइल एकदाही वरपासून खालपर्यंत वाचलेली नव्हती. तसंच सांगितलं.

"मग आता मी वाचते," त्या म्हणाल्या. त्यांनी गळ्यातला ड्राइव्ह लावला, फाइल नुसत्या मजकुरासारखी उघडली आणि त्यांचा तो भरधाव आवाज सुरू झाला.

"हे कुठल्या भाषेत चाललंय?" सभासदांनी दबक्या आवाजात विचारलं.

"आहे ते तसंच वाचतंय. तुम्ही मागे पडताय," बाई म्हणाल्या.

वरच्या ओळी तुझ्या. मग पट्ट्यांच्या. मग आवाज थांबला, मागे गेला, तीच ओळ पुन्हा. तिसऱ्यांदा त्यांनी ती हळू करून आम्हाला ऐकवली. पहिल्यांदा सगळ्या वाचकांची खाती, मग त्यातली 'उघडलेली पुस्तकं' नावाची नोंद, आणि शेवटी कार्यालयातल्या कॉम्प्युटरचं नाव. मधला शब्द होता 'कॉपी'.

सचिव, सभासद आणि मी कार्यालयात जाऊन पाहून आलो. फाइल होती. वाचक क्रमांक, तारीख, पुस्तकाचं नाव. सहा वर्षांची, रोजची. सचिवांचा चेहरा उतरला. त्यांनी एकदा वार्षिक अहवालासाठी त्या तंत्रज्ञाकडे आकडा मागितला होता, वर्षभरात किती पुस्तकं वाचली गेली. नुसता आकडा. त्याने सोपं म्हणून सगळंच उचलायची सोय केली, आणि नंतर तो गेला. कुणी ती फाइल उघडत नव्हतं असं सचिव म्हणतात आणि माझा विश्वास आहे. पण एका वाचकाच्या खात्यातलं दुसऱ्याला दिसू नये म्हणूनच तर तिथे अधिकार लागतात. तो अधिकार रोज सकाळी मी देत होते.

एक गोष्ट तुला सांगायला हवी. फाइल उघडताना पहिल्या काही ओळी मला दिसल्या. क्रमांक कुणाचा ते मला पाठ आहे. ती माणसं कुठल्या दिवसांत काय वाचत होती ते आता मला माहीत आहे. ते मी कुठेच लिहिणार नाही, डायरीतही नाही.

परत खोलीत आलो. सचिव खुर्चीत बसून म्हणाले, "प्रात्यक्षिक तर राहूनच गेलं."

"झालं की," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "मला विचारलं, मी उत्तर दिलं."

"पण यंत्रं कुठे सुरू झाली?"

"ती ओळ काढा, होतील."

"आणि तुम्ही रोज असं अडवणार का?"

"रोज कशाला? काही बदललं तर अडवीन. तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्ही काय केलं असतं?"

जाताना सचिव दारात मला म्हणाले, "त्यांना सांगा, ती ओळ निघाली की सुरू करून दाखवा. मी नसलो तरी चालेल."

तर ती ओळ काढून दे. बत्तिसावी आहे. आणि जमलं तर मला सांग, तू स्क्रिप्ट वाचली होतीस का?

ताई


२६ नोव्हेंबर

ताई,

नाही. सात आठवडे ती माझ्याकडे होती. वरच्या दहा ओळी मी वीसदा वाचल्या, कारण त्या माझ्या होत्या. खालच्या चाळीस चालत होत्या, म्हणून त्यांच्याकडे बघितलं नाही. चालत्या गोष्टीत बोटं घालत नाही, असं मोठ्या तोऱ्यात लिहिलंही होतं तुला. आणि मी त्या स्क्रिप्टला अधिकार मागायला अधिक सोपं करून दिलं.

बत्तिसावी ओळ काढली. आता प्रत्येक ओळीच्या वर ती काय करते ते साध्या मराठीत लिहिलं आहे, आणि उघडल्याबरोबर, चौकट येण्याआधी, स्क्रिप्ट स्वतःचं नाव आणि काम सांगते.

नवी प्रत तुला पाठवलेली नाही. ऑपरेटरबाईंना पाठवली आहे. त्यांनी वाचून तुला द्यावी असं वाटलं. राग मानू नकोस.

आज इथे माझ्या यंत्रावर चौकट आली तेव्हा मी हात मागे घेऊन ती वाचली. शेजारचा म्हणाला, काय रे, हँग झालास का?

खारू


८ डिसेंबर

प्रिय खारू,

राग मानला नाही. थोडा आला, संध्याकाळपर्यंत टिकला, गेला.

बाईंनी तुझी प्रत वाचली आणि दोन ठिकाणी तुझं मराठी सुधारलं. मग आठही यंत्रं सुरू करून दाखवली, सचिव होते. नेमणुकीचं पत्र शुक्रवारी निघालं. कार्यालयातली ती फाइल समितीने पुसली, आणि वाचकांना झाला प्रकार कळवणारं पत्र ब्रेलमध्ये आणि आवाजात दिलं. मसुदा माझा होता. 'अनवधानाने' हा शब्द मी घातला होता. बाईंनी तो काढायला लावला.

काल त्यांची पहिली सकाळ. माझी वेळ आता नऊची. मी स्वतःला बजावलं होतं की नऊच्या आधी फिरकायचं नाही. पावणेआठला मी तयार होऊन बसले होते. सहा वर्षांची सवय, दुसरं काय. तरी घरातच राहायला हवं होतं, हे मला माहीत होतं. आठ वाजून गेल्यावर मी समोरच्या कोपऱ्यापर्यंत गेले, नुसतं लांबून बघायला.

सकाळ अगदी मळकट होती, धुकं होतं. आमच्या मजल्याच्या खालच्या-वरच्या सगळ्या खिडक्यांत उजेड होता, आणि वाचनखोलीच्या तिन्ही खिडक्या काळ्या. किल्ली लागली नसेल. वाटेत पडल्या असतील. यंत्रं अडली असतील आणि त्या मला फोन करायला संकोचत असतील. फोन पाहिला, काही नव्हतं. मी रस्ता ओलांडला, जिना चढले, धावतच म्हण. दाराच्या मुठीला हात लावला, तेव्हा आतून आवाज ऐकू आला.

आधी तुझ्या स्क्रिप्टचं नाव आणि काम. मग तो प्रश्न, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. मग शांतता, एक कळ, आणि "पट्टी तयार". मग खुर्ची सरकली. पुढचं यंत्र. पुन्हा नाव, पुन्हा प्रश्न. एकाही यंत्रावर त्यांनी तो अर्ध्यात तोडला नाही. मी दाराबाहेर उभी राहून मोजत होते. पाच. सहा. सातव्याला जरा जास्त वेळ लागला आणि माझा हात मुठीवर घट्ट झाला, तो माझ्या लक्षात आला तेव्हा "पट्टी तयार" झालं होतं. आठ.

दाराखालच्या फटीतून उजेडाची रेघसुद्धा येत नव्हती. आत दिवा लावलेलाच नव्हता. लावायचा कुणासाठी?

मी मुठीवरचा हात काढला आणि पावलांचा आवाज होणार नाही अशी खाली उतरले. त्यांना तो ऐकू आला असणार, म्हणा.

ताई